तंटा मिटवणाऱ्या बाकाला अनुदान कुठून आणायचं

बाई, तुमचा प्रश्न वाचला. थोडक्यात तो असा: गोव्याच्या सत्तरी तालुक्यातल्या तुमच्या गावात तुम्ही निवृत्त शिक्षिका, एक माजी पंच आणि एक तरुण वकील, असे तिघं मिळून तीन वर्षं शेजाऱ्यांची भांडणं समोरासमोर बसवून सोडवता. पैसे कुणाकडून घेत नाही. आता फोन, फिरती, कागद हा खर्च खिशातून झेपेना. म्हणून ‘समुदाय मध्यस्थी’साठी सरकार किंवा एखादी कंपनी अनुदान देईल का, अर्ज कसा लिहायचा आणि किती मागायचं, असं विचारलंत. सोबत दोन पानी मसुदा जोडलात. त्यात तिघांना बैठकीमागे हजार रुपये मानधन, भाड्याचं ऑफिस, लॅपटॉप आणि ‘वर्षाला शंभर तंटे मिटवू’ असं वचन आहे.

ते वचन आधी खोडा. शंभर तंटे मिटवायचे ठरवलेत की सत्तराव्या तंट्यापासून तुम्ही लोकांना मिटवून घ्यायला भाग पाडू लागाल. मार्च महिना जवळ येतो, आकडा कमी पडतो, आणि समोर बसलेल्या म्हाताऱ्याला ‘घ्या हो आता पडतं’ म्हणायची पाळी येते. महाराष्ट्रात 15 ऑगस्ट 2007 ला महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली, आर. आर. पाटील गृहमंत्री असताना. गावागावांत समित्या झाल्या, लोकसंख्येनुसार गावाला बक्षीस ठेवलं. कल्पना चांगलीच होती, तिच्यामुळे बरीच भांडणं खरोखर चावडीवर थांबली. पण बक्षीस आकड्यावर ठेवलं की कागदावर मिटलेला तंटा आणि माणसांत मिटलेला तंटा यांत फरक पडू शकतो. ही भीती मला तेव्हाही होती, आजही आहे.

आता पैशाकडे येतो.

नुसती ‘भांडणं मिटवण्यासाठी’ म्हणून पैसे देणारा माणूस मला पंचवीस वर्षांत भेटला नाही. शाळेला देतात, आरोग्य शिबिराला देतात, देवळाच्या सभामंडपाला तर न मागता देतात. न झालेलं भांडण फोटोत येत नाही, ही आपली अडचण. शिवाय गोव्याची म्हणून आणखी एक आहे. देशातल्या मोठ्या दानसंस्था मागास जिल्हे बघून पैसा ओततात. 2018 मध्ये केंद्राने जे 112 आकांक्षित जिल्हे धरले, त्यांत गोव्यातला एकही नाही. दरडोई उत्पन्नात गोवा वरच्या राज्यांत. त्यामुळे दिल्ली-बंगळूरच्या माणसाला फोन केला की पहिला प्रश्न येतो, ‘गोव्याला कशाला?’ त्याला वाटतं इथे सगळे किनाऱ्यावर बसून असतात. सत्तरीत आल्वारा (पोर्तुगीज काळात सरकारने कसायला दिलेल्या) जमिनीच्या कागदासाठी तिसरी पिढी फेऱ्या मारते, हे त्याला ठाऊक नसतं. तुमच्या प्रस्तावाचं पहिलं पान याच प्रश्नाचं उत्तर असलं पाहिजे.

ते उत्तर आकड्यांनी द्या, पण आकडे तुमच्या गावचे हवेत. माहिती अधिकारात पोलीस ठाण्याकडे तीन वर्षांच्या अदखलपात्र तक्रारींची संख्या मागा. शांतता राखण्याच्या जामिनाची प्रकरणं किती झाली, तेही मागा. आपण ज्याला अजून ‘चॅप्टर केस’ किंवा ‘एकशेसात’ म्हणतो, ते 1 जुलै 2024 पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम 126 झालं आहे. जमिनीच्या ताब्यावरून होणारं 145 आता 164 आहे. अर्जात जुने आकडे लिहिलेत तर वाचणारा अधिकारी तिथेच चष्मा काढतो. मामलेदाराकडे अडवलेल्या वाटांच्या किती तक्रारी पडून आहेत, तेही विचारा. गोव्याचा 1966 चा मामलेदार न्यायालय कायदा त्या कामी वापरला जातो. ही तीन उत्तरं हातात आली की गरज सिद्ध करायला वेगळं साहित्य लागत नाही.

कायद्याबद्दल तुमच्या वकिलाने मसुद्यात ‘मध्यस्थी कायदा 2023 नुसार आम्हाला निधी मिळण्याचा हक्क आहे’ असं लिहिलंय. तसं नाही. त्या कायद्याच्या 43 आणि 44 कलमांत समुदाय मध्यस्थी आहे हे खरं. एखाद्या भागातल्या रहिवाशांची किंवा कुटुंबांची शांतता बिघडवणारा वाद दोन्ही बाजूंची आधी संमती असेल तर तिथे नेता येतो. अर्ज विधी सेवा प्राधिकरणाकडे (मोफत कायदेशीर मदत देणारी सरकारी यंत्रणा), आणि प्राधिकरण तिघांचं पॅनेल नेमतं. गावात मान असलेली माणसं, रहिवासी संघटनेचे प्रतिनिधी, मध्यस्थीचा अनुभव असलेले, असे कोण त्यात घेता येतील तेही दिलं आहे. म्हणजे तुम्ही तिघं आज जे करता, त्याचंच कायद्यातलं रूप. पण 45व्या कलमातला मध्यस्थी निधी मध्यस्थीचा प्रसार व्हावा म्हणून आहे आणि त्याची चावी मध्यस्थी परिषदेकडे. गावच्या संस्थेला त्यातून थेट पैसे मिळतील असं कुठे लिहिलेलं नाही. आणखी एक गंमत. 9 ऑक्टोबर 2023 ला या कायद्याची जी कलमं पहिल्यांदा लागू झाली, त्यांत निधीचं 45वं होतं, पण समुदाय मध्यस्थीची 43 आणि 44 नव्हती. म्हणजे हांडो तयार, पण चूल पेटायची बाकी. म्हणून ज्या दिवशी अर्ज द्याल त्या दिवशी वकिलाला राजपत्र बघायला सांगा आणि मगच कलमाचा आधार घ्या.

त्या कायद्यातलं आणखी एक वाक्य तुमच्या कामाचं आहे. समुदाय मध्यस्थीतला समझोता दिवाणी कोर्टाच्या हुकूमनाम्यासारखा बजावता येत नाही. देणगीदार हे हमखास विचारतो: ‘मग तुमच्या कागदाला किंमत काय?’ उत्तर तयार ठेवा. पैशाची देवघेव, बांध, भाडं असा वाद असेल आणि लोकांना पक्का कागद हवा असेल, तर समझोता झाल्यावर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणामार्फत दाखलपूर्व (कोर्टात दावा जाण्याआधीचं) प्रकरण म्हणून लोकअदालतीत ठेवायचा. 1987 च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या 21व्या कलमानुसार लोकअदालतीचा निवाडा हुकूमनामाच असतो, त्यावर अपील नाही, आणि पक्षकाराला खर्चही जवळजवळ येत नाही. ही जोडणी प्रस्तावात चार ओळींत लिहा. माझ्या अनुभवात या चार ओळींनी जेवढं काम केलं, तेवढं दहा पानी ‘पार्श्वभूमी’ने केलं नाही.

त्याच 1987 च्या कायद्यात राष्ट्रीय प्राधिकरणाला स्वयंसेवी संस्थांना ठरावीक योजनांसाठी सहायक अनुदान देता येतं अशी तरतूद आहे. ते दार आहे, पण मोठं आणि दूरचं. तुमच्यासाठी जवळचं दार म्हणजे जिल्हा प्राधिकरणाचे विधी स्वयंसेवक. तुमच्यातल्या एकदोघांनी ते प्रशिक्षण घेऊन नाव नोंदवलं तर कामाच्या दिवसाचा भत्ता मिळतो, गावात विधी सेवा क्लिनिक मागता येतं. पैसा थोडा, पण त्याहून मोठी गोष्ट मिळते: उद्या कुणी ‘तुम्ही कोण?’ म्हणालं तर दाखवायला एक ओळखपत्र. मिरामारचं साळगावकर विधी महाविद्यालय आणि मडगावचं कारे विधी महाविद्यालय यांच्या कायदा-सहाय्य विभागांनाही भेटा. विद्यार्थी नोंदी ठेवायला, टिपणं काढायला येतात. ते फुकटचं मनुष्यबळ अर्जात ‘संस्थेचा वाटा’ म्हणून दाखवता येतं.

आता तुमचं अंदाजपत्रक. इथे मी जरा थांबतो, कारण बहुतेक जण चुकतात ते इथेच.

आम्हीही तिघं तुमच्यासारखाच बाक चालवतो. आमच्या भागातलं एक प्रकरण सांगतो, माणसं ओळखू येणार नाहीत इतपत बदलून. दोन चुलत घरं, मधून वाट. धाकट्या घराने गाडी ठेवायला भिंत घातली, मागच्या घरातली विधवा आजी अडली. पोलिसांत दोनदा तक्रार, पंचायतीत एकदा, मामलेदाराकडे अर्ज. आमच्याकडे आली तेव्हा आजी एकच बोलली, ‘म्हाका गाडयेक वाट नाका. मेल्यार चौगांनी उखलून व्हरपाक जाय तितली जाय.’ (मला गाडीला वाट नको. मेल्यावर चौघांनी उचलून न्यायला लागते तेवढी हवी.) समोरचा पुतण्या गप्प झाला, पण भिंत पाडायला तयार होईना. नुकतीच बांधली होती, चिरे चढ्या भावाने आणलेले. तेव्हा आमची समन्वयक (तिला आम्ही कुठलाही हुद्दा दिलेला नव्हता, फोन घेणारी मुलगी एवढंच) म्हणाली, मोजून तरी बघूया. शेजारच्या माडाला लावलेली शिडी काढली. चार माणसांनी ती आडवी खांद्यावर घेतली, दोघं पुढे, दोघं मागे, आणि आजीच्या दारातून रस्त्यापर्यंत चालत आली. वळणावर भिंतीचा कोपरा मागच्या उजव्या माणसाच्या कोपराला घासला. तिथे मुलीने खडूने रेघ ओढली. दुसऱ्यांदा चालले, दुसरी रेघ. दीड फूट लांबीचा कोपरा तासला की शिडी जात होती, आणि गाडीही राहत होती. पुतण्याने स्वतःच गवंड्याला फोन लावला.

हे सगळं आमच्या अहवालात एका ओळीत आलं: ‘वाटेचा वाद, मिटला.’ पण नोंदवहीत बघितलं तर त्याच्यामागे 11 फोन, त्या मुलीच्या 5 फेऱ्या आणि 2 बैठका होत्या. आम्ही तिघं मध्यस्थ दोन संध्याकाळी बसलो, चहा प्यालो. खरं काम तिने केलं. कोण कुणाशी बोलत नाही, कुणाला कुठल्या वेळी फोन करायचा, आजीच्या मुलीने मुंबईहून काय सांगितलं, हे सगळं तिच्या डोक्यात.

म्हणून मध्यस्थांचं हजार रुपये मानधन काढा. त्याने तुमची पत जाईल. गावात आधी बातमी पसरेल की बाई आता भांडणाचे पैसे घेतात. मग कुणीतरी म्हणेल की बैठका मुद्दाम वाढवतात. प्रवासखर्च घ्या, तो कुणाला खटकत नाही. पैसा मागा तो त्या मुलीसाठी. तुमच्या गावाच्या आकाराला मी असं धरीन: रोज चार तास काम करणारी समन्वयक, महिन्याला 18,000, वर्षाचे 2,16,000. बैठकीला तिघांचा प्रवास प्रत्येकी 200 म्हणजे 600, अशा 80 बैठका, 48,000. दोन प्रशिक्षण शिबिरं प्रत्येकी 30,000, म्हणजे 60,000. फोन, कागद, छपाई महिन्याला 2,000, वर्षाचे 24,000. हिशेब तपासनीसाचे 15,000. एकूण 3,63,000. ऑफिस नको. लॅपटॉप वकिलाकडे असेलच.

अनुदान देणाऱ्याला पगार द्यायला नको वाटतं आणि वस्तू द्यायला आवडतं, हे लक्षात ठेवा. ‘पगार’ न म्हणता ‘प्रकरण समन्वय’ म्हणा आणि वरची 11 फोनांची नोंद जोडा. पंचायतीकडे गेलात तर तिथेही हाच अडसर. पंधराव्या वित्त आयोगाच्या मुक्त निधीतूनसुद्धा पगार आणि आस्थापनेचा खर्च करता येत नव्हता, त्यामुळे सचिव ‘नाही’ म्हणाला तर तो आडमुठा आहे असं समजू नका. पंचायतीकडून जागा आणि वीज मागा, ग्रामसभेचा ठराव मागा. पैसा मागू नका. सरपंचाचा भाऊ उद्या तुमच्या बाकावर बसणार आहे.

जागेबद्दल एक आठवलं. तुम्ही देवळाच्या ओसरीवर बसता असं लिहिलंय. तुमच्या वाड्यात चालत असेल. आमच्याकडे आम्हीही तसंच सुरू केलं, आणि सहा महिन्यांनी लक्षात आलं की पलीकडच्या वाड्यावरची ख्रिस्ती कुटुंबं येतच नाहीत. भांडणं नव्हती असं थोडंच? शिवाय महाजनांच्या (देवळाच्या मानकरी घराण्यांच्या) आपसातल्या मानपानाच्या वादाला, रोमटाच्या (शिगम्याच्या मिरवणुकीच्या) क्रमाला, देवळाची ओसरी ही तटस्थ जागा कशी होईल? आम्ही सरकारी शाळेचा वर्ग घेतला, सुट्टीनंतरचा. बाकं लहान मुलांची. साठ वर्षांची माणसं गुडघे वर करून बसली की अर्धा राग तिथेच उतरतो.

कंपन्यांच्या पैशाकडे वळू. 2013 च्या कंपनी कायद्याच्या 135व्या कलमात ज्या कंपन्या येतात (निव्वळ मूल्य 500 कोटी, उलाढाल 1,000 कोटी किंवा निव्वळ नफा 5 कोटी, यांतलं काहीही एक), त्यांना तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या 2 टक्के सामाजिक कामावर खर्च करावे लागतात. कुठल्या कामावर, ते सातव्या परिशिष्टात आहे, आणि मध्यस्थी हा शब्द त्यात नाही. मग ग्रामीण विकास, स्त्रियांचं सक्षमीकरण किंवा असमानता कमी करणं यांपैकी एका खणात आपलं काम बसवावं लागतं. ओढूनताणून बसवू नका. तुमच्याकडे येणाऱ्यांत विधवा आणि एकट्या राहणाऱ्या बायका किती, ते मोजा. वाट, पाणी आणि घराचा हिस्सा यांची भांडणं त्यांच्याच वाट्याला जास्त येतात असं मी सगळीकडे पाहिलं. आकडा तसा निघाला तर तो खण आपोआप तुमचा.

दोन अडचणी. एक, ज्या संस्थेमार्फत कंपनी पैसा खर्च करते तिची सीएसआर-1 (कंपन्यांचा हा सामाजिक पैसा घेण्यासाठीची सरकारी) नोंदणी लागते आणि तशाच कामाचा किमान तीन वर्षांचा अनुभव लागतो. तुमची तीन वर्षं झालीत, पण संस्था नोंदलेली नाही, म्हणजे कागदावर तुम्ही आज जन्माला याल. यावर मार्ग म्हणजे जुन्या नोंदलेल्या संस्थेच्या छत्राखाली पहिली दोनतीन वर्षं काढणं. दुसरी अडचण मोठी आहे, ती पुढे सांगतो.

नोंदणीबद्दल: महाराष्ट्रातले स्नेही धर्मादाय आयुक्तांकडे जा म्हणून सांगतील. तो त्यांचा 1950 चा कायदा, गोव्यात नाही. इथे 1860 च्या संस्था नोंदणी कायद्याखाली किमान सात सभासदांनी संस्था नोंदवायची, पॅन काढायचं, बँक खातं उघडायचं, मग आयकराचं बारा-ए (संस्थेला करसवलत) आणि ऐंशी-जी (देणगीदाराला करसवलत). 1 एप्रिल 2026 पासून आयकराचा नवा 2025 चा कायदा लागू आहे, त्यात कलमांचे आकडे बदललेत, पण बोलताना सगळे जुनेच आकडे घेतात. नीती आयोगाच्या दर्पण या स्वयंसेवी संस्थांच्या संकेतस्थळावरचा क्रमांकही घेऊन ठेवा, सरकारी अनुदानाला तो लागतोच. सात सभासद निवडताना सगळे एकाच वाड्याचे, एकाच आडनावाचे घेऊ नका. सभासदांची यादी हेच तुमचं पहिलं जाहीर पत्रक असतं, लोक ती वरपासून खालपर्यंत वाचतात.

परदेशातला पैसा. तुम्ही लिहिलंत की गावातला एक मुलगा इंग्लंडमध्ये असतो, तो वर्षाला लाखभर द्यायला तयार आहे. थांबा. त्याच्याकडे पासपोर्ट कुठला, हे आधी विचारा. भारतीय पासपोर्ट असेल आणि तो स्वतःच्या कमाईतून बँकेमार्फत देत असेल तर ती साधी देणगी. पण 1961 पूर्वी आजोबा इथे जन्मले म्हणून त्याने पोर्तुगीज पासपोर्ट काढला असेल, तर कायद्याने तो परदेशी. ओसीआय (परदेशी नागरिकत्व घेतलेल्या भारतीय वंशाच्या माणसाचं) कार्ड असलं तरी परदेशी. आणि त्याचा एक रुपयासुद्धा परकीय अंशदान कायद्याच्या नोंदणीशिवाय किंवा पूर्वपरवानगीशिवाय संस्थेला घेता येत नाही. ती नोंदणी साधारणपणे तीन वर्षं जुन्या, त्या तीन वर्षांत 15 लाख खर्च केलेल्या संस्थेला मिळते. 2020 च्या दुरुस्तीनंतर तो पैसा दिल्लीच्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतल्या खात्यातच यावा लागतो, प्रशासनावर 20 टक्क्यांच्या वर खर्च करता येत नाही, आणि तो दुसऱ्या संस्थेकडे फिरवताही येत नाही. म्हणजे जुन्या संस्थेच्या छत्राखाली राहायचा वर सांगितलेला मार्ग इथे बंद. गोव्यात या एका गोष्टीत भलेभले अडकले आहेत, कारण आपल्याला तो ‘गावचाच मुलगा’ असतो.

आता ती मोठी अडचण. पैसा कुणाचा.

आम्ही चौथ्या वर्षी एका बांधकाम कंपनीकडून देणगी घेतली. नाव सांगत नाही, माणसं सभ्य होती, अटी काही नव्हत्या. फक्त वीस खुर्च्या दिल्या, त्यांच्या पाठीवर निळ्या रंगात कंपनीचं नाव. आम्हाला काय वाटणार? मुलांच्या बाकांवरून सुटलो, म्हणून आनंदच. पावसाच्या आधी एक मुंडकार (भाटकाराच्या, म्हणजे जमीनमालकाच्या, जागेत घर करून राहणारा) आला. भाटकाराने जमीन विकायला काढली होती, घराभोवतीची जागा किती आपली यावर वाद. त्याच्या बाजूने 1975 चा मुंडकार संरक्षण कायदा होता, पण त्याला कोर्ट नको होतं, बोलायचं होतं. तो आत आला, खुर्चीच्या पाठीकडे बघितलं, आणि बसला नाही. सगळं बोलणं उभ्याने केलं. नंतर कळलं, ती जमीन घेणारी कंपनी तीच. आम्हाला खरोखर ठाऊक नव्हतं, पण ते कोण मानणार? त्या प्रकरणानंतर आठ महिने त्या वाड्यावरून एकही माणूस आला नाही. खुर्च्या आम्ही रंगवल्या, ऊन लागलं की निळी अक्षरं पांढऱ्या रंगाखालून दिसायची. शेवटी वाटून टाकल्या.

तेव्हापासून आमचा नियम: पुढच्या पाच वर्षांत जो आपल्या बाकावर पक्षकार म्हणून येऊ शकतो, त्याचा पैसा घ्यायचा नाही. खाणपट्ट्यात खाण कंपनीचा नाही, किनारपट्टीत हॉटेलवाल्याचा नाही, खाजन (खाडीकाठी बांध घालून राखलेल्या) शेतीच्या गावात मानशीचा (खाडीचं पाणी आतबाहेर सोडणाऱ्या दाराचा) लिलाव घेणाऱ्याचा तर अजिबात नाही. तिथे खारं पाणी शेतात सोडलं की नाही, हेच तर भांडण असतं. उमेदवाराचा नाही, मग तो कितीही ‘वैयक्तिक’ म्हणाला तरी. या नियमाने पैसा कमी येतो. तुमच्या सत्तरीत मला चालतील असे देणगीदार: दूरच्या शहरातली बँक किंवा विमा कंपनी, औषध कंपनी जिचा कारखाना तुमच्या तालुक्यात नाही, सहकारी पतसंस्था (कर्जवसुलीची भांडणं घेणार नसाल तर), आणि गावातलेच पन्नास लोक वर्षाला पाचशे देणारे. शेवटच्यांना हसू नका. त्यांचे 25,000 होतात, आणि त्या यादीत दोन्ही वाडे असले तर मोठ्या देणगीदाराला ती यादी कुठल्याही शिफारसपत्राहून जड वाटते.

न्यायव्यवस्थेनेच पैसा द्यावा, हा उपाय जगात झालेला आहे. सॅन फ्रान्सिस्कोत 1976 मध्ये शेजारपाजारच्या मध्यस्थीचं काम लोकांनी सुरू केलं. न्यूयॉर्क राज्याने 1981 मध्ये कायदाच करून अशा केंद्रांना न्यायालयीन व्यवस्थेमार्फत पैसा द्यायला सुरुवात केली. तसं इथे झालं तर सगळ्यात बरं, कारण कोर्टाशी कुणाचं वैयक्तिक भांडण नसतं. तोवर आपली वर्गणीची वही.

मोजणी कशी दाखवायची, हेही विचारलंत. मी चार गोष्टी लिहितो: किती जण आले, फोन आल्यापासून पहिल्या बैठकीला किती दिवस लागले, किती बैठकांत दुसरी बाजू आपणहून आली, आणि सहा महिन्यांनी समझोता टिकला का. ही चौथी मोजणी महत्त्वाची आणि तीच कुणी करत नाही. समन्वयक फक्त एक फोन करते, ‘आजी, वाट मोकळी असा मगो?’ एवढंच. न टिकलेले समझोतेही अहवालात लिहा. एका देणगीदाराने आमचा अहवाल वाचून म्हटलं, अपयश लिहिणारी पहिली संस्था बघितली. दुसऱ्या वर्षीचा धनादेश न मागता आला. सगळेच असे नसतात. एकाने त्याच कारणावरून पैसा थांबवलाही.

फोटो मागतील. देऊ नका. पक्षकारांची नावं, चेहरे, कागद काहीही बाहेर जायचं नाही, हे करारातच घाला. 2023 च्या कायद्यातही गोपनीयतेचं स्वतंत्र कलम आहे, त्याचा आधार द्या. फार आग्रह झाला तर रिकाम्या वर्गाचा फोटो पाठवा. आम्ही शिडीचा पाठवला होता.

काय घेणार नाही, तेही प्रस्तावात स्पष्ट हवं. घरातली मारहाण, लहान मुलांवरचे अत्याचार, जातीवरून झालेला छळ ही प्रकरणं ‘समजुतीने मिटवायची’ नाहीत. मुलाचा विषय असेल तर पॉक्सोखाली (मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा कायदा) कळवणं बंधनकारक आहे. तुमच्या माजी पंचांना हे पटायला वेळ लागेल, त्यांच्या पिढीने ‘घरचं घरात’ असंच केलं. म्हणून प्रशिक्षण. कोर्टाशी जोडलेल्या मध्यस्थांना 40 तासांचं प्रशिक्षण असतं, तुम्हाला एकदम तेवढं नको, पण दोन शिबिरं हवीतच. त्यातला एक अख्खा दिवस गोव्याच्या कौटुंबिक कायद्यावर ठेवा. आपल्याकडे लग्नानंतर मालमत्ता बहुधा दोघांची असते. बांधाच्या समझोत्यावर नवऱ्याची सही घेतली, बायकोची नाही, तर तो कागद पुढे नडतो. जमीन आजोबांच्या नावावर, इन्व्हेंटरी (वारसांत मालमत्ता वाटण्याची कोर्टातली प्रक्रिया) झालेली नाही, वारस चौतीस, अशा वेळी समोर बसलेला एक भाऊ काय कबूल करू शकतो आणि काय नाही, हे मध्यस्थाला कळलं पाहिजे. आम्ही पहिल्या वर्षी असे तीन समझोते केले आणि तिन्ही मोडले.

भाषेचाही खर्च धरा. बोलणं कोंकणीत, समझोता मराठीत, देणगीदाराचा अहवाल इंग्रजीत. आमच्या एका अहवालात ‘मुंडकार’चं भाषांतर ‘भाडेकरू’ असं झालं आणि देणगीदाराने विचारलं, मग भाडं थकलं म्हणून वाद आहे का? महिन्याच्या 2,000 मध्ये हे बसणार नाही. तुमच्या वकिलाला वर्षातून दोनदा बसवा, हाच त्याचा वाटा.

सरकारी अनुदान मिळालंच तर वेगळं खातं, प्रत्येक पावती, आणि वर्ष संपल्यावर उपयोगिता प्रमाणपत्र. केंद्राचा पैसा असेल तर नमुना 12-अ. खात्यात पडलेलं व्याजही परत करायचं असतं. आमच्या खजिनदाराने एकदा ते 412 रुपये चहात घातले, आणि पुढचा हप्ता चार महिने अडला.

तेव्हा आता करायचं ते एवढंच. नवी वही घ्या आणि तीन वर्षांत आलेली सगळी भांडणं आठवून लिहा. नावं नकोत, वाडा, विषय, किती फोन, किती बैठका, आज काय स्थिती. तिघांनी वेगवेगळं लिहा आणि मग जुळवा, तिघांना तीन निराळी आठवतील. ती वही आणि माहिती अधिकाराची उत्तरं आली की मसुदा पुन्हा पाठवा, मी वाचतो. जुन्या संस्थेशी बोलणं मात्र लगेच सुरू करा. समन्वयक मे संपायच्या आत कामाला लागलेली बरी, कारण मृगाच्या पहिल्या पावसात कुणाच्या तरी पागोळीचं पाणी कुणाच्या तरी दारात पडणार आहे.